पुठ्ठ्यावरच्या वीरांगना

ज्या माणसाने आपली सारी उमेद पगारपत्रके, बोनसचे हिशेब आणि बडतर्फीच्या नोटिसा वाचण्यात खर्चिली, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून अमेरिकेतील बाहुल्यांविषयी बोलावे, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. आमच्या सहकाऱ्यांसही ते वाटले. "भाऊ, मागण्या संपल्या काय?" असे एकाने विचारलेही. परंतु हा विषय आम्ही शोधीत गेलो नव्हतो. तो आपण होऊन आमच्या हातात आला. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाकडे चहाला गेलो असता त्याच्या मुलीच्या खोलीत काचेचे एक कपाट दिसले. मुलगी संगणकाच्या कचेरीत नोकरी करते, कमावती आहे. कपाटात पुस्तके नव्हती, देव नव्हते. पन्नाससाठ ठेंगण्या स्त्रिया तेथे रांगेने उभ्या होत्या. कोणाच्या हाती पिस्तूल, कोणाच्या हाती सर्पाकृती दंड, कोणाच्या हाती तीरकमठा. काही पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्यात बंद होत्या, काही सुट्या होत्या. "काका, हात लावा, पण पुठ्ठ्यावरच्यांना नको हं," ती म्हणाली. आम्ही पांढऱ्या पोशाखातली बोटाएवढी एक उचलली आणि सवयीने उलटी केली. कारखान्यातला कोणताही माल हाती आला की तो झाला कोठे हे आधी पाहावयाचे, ही आमची खोड. पायाच्या मागल्या बाजूस मुंगीएवढ्या अक्षरांत सन होता १९७७, एका कंपनीची आद्याक्षरे होती आणि पुढे हाँगकाँग.

तेव्हापासून त्या मुलीने दिलेली पुस्तके आणि चित्रसूची आम्ही वाचीत आलो. आमचे शिक्षण शाळेत कमी आणि रात्रपाळीत अधिक झालेले असल्याने कोणताही विषय हलका आहे असे मानण्याची सोय आम्हांस कधी मिळाली नाही. आणि हा विषय हलका नाही, हे लवकरच ध्यानात आले.

प्रथम वस्तू काय ती समजावून घेऊ. आपल्याकडे बाहुला आहे आणि बाहुली आहे. दोघांचे लग्न लावतात, वरात काढतात, आणि त्यात मुलग्यांनाही कमीपणा वाटत नाही. इंग्रजीत मात्र 'डॉल' म्हटले की ती मुलींची झाली. १९५९ साली मॅटेल कंपनीने 'बार्बी' बाजारात आणली आणि तिच्यामागून तिच्या कपड्यांचे पेटारे विकले. बाहुली एकदा घ्यायची, कपडे जन्मभर घेत राहायचे, हे गणित दुसऱ्या एका कंपनीच्या, म्हणजे हॅस्ब्रोच्या, लक्षात आले. मुलग्यांसाठीही असेच काही काढावे असे ठरले. १९६४ साली फूटभर उंचीचा, सांध्यासांध्यांत वळणारा सैनिक निघाला. त्याचे नाव जी. आय. जो. आता अमेरिकन बाप मुलग्याला डॉल कशी घेऊन देणार? तेव्हा कंपनीने विक्रेत्यांना बजावले की डॉल हा शब्द तोंडातून काढावयाचा नाही; म्हणावयाचे 'अ‍ॅक्शन फिगर'. हातपाय हलवून काहीतरी पराक्रम करणारी आकृती, एवढाच त्याचा अर्थ. तोच शब्द पुढे साऱ्या जगात रूढ झाला.

गंमत अशी की पुढे जकातीचा प्रश्न निघाला. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या बाहुल्यांवर इतर खेळण्यांहून अधिक जकात होती. हा माल अमेरिकेत होत नव्हताच. तो परदेशातून यावयाचा. तेव्हा कंपनी कोर्टात गेली आणि म्हणाली, ही डॉल नव्हे. वरच्या कोर्टाने १९८९ साली निकाल दिला की जी. आय. जो ही डॉलच आहे. दुकानात जे नाव झाकले, ते कोर्टाने उघडे केले. २००३ साली 'एक्स-मेन' या चित्रकथांतील आकृत्यांचा असाच खटला निकालात निघाला. त्यात कंपनीचे म्हणणे असे की बाहुली म्हणजे मनुष्याची प्रतिकृती, आणि ही पात्रे मनुष्यच नव्हेत. म्हणून शेकडा १२ ऐवजी शेकडा ६.८ जकात घ्या. कोर्टाने ते मान्य केले. आता या कथांचा सारा गाभाच असा की ही जन्माने वेगळी निपजलेली माणसेही माणसेच आहेत! वाचक चिडले, आणि ते बरोबरच होते. पण जकातीचे पैसे वाचत असले म्हणजे मालक कोणालाही माणसांतून उठवावयास तयार होतो, याचे आम्हांस फारसे नवल वाटले नाही.

या मुलग्यांच्या फळीवर स्त्री केव्हा आली? हॅस्ब्रोने १९६७ साली एक परिचारिका काढली. पांढरा झगा, टोपी, औषधांची पिशवी, कुबड्या, नाडी पाहण्याचे साहित्य, सारे काही होते. खोक्यावर 'अ‍ॅक्शन गर्ल' असे लिहिलेले होते. ती चालली नाही. मुलगे म्हणाले, ही बाहुली आहे. मुलींच्या बापांनी ती पाहिलीच नाही, कारण ती सैनिकांच्या फळीवर होती. थोड्याच प्रती गेल्या, उत्पादन बंद पडले. आज त्या काळच्या जी. आय. जो संग्राहकांना सर्वांत कष्टाने आणि सर्वांत महाग मिळणाऱ्या वस्तूंत हीच परिचारिका आहे. त्याच साली आयडियल या कंपनीने चार वीरांगना काढल्या: सुपरगर्ल, बॅटगर्ल, वंडर वुमन आणि समुद्राची राणी मेरा. त्यांचीही तीच गत झाली, आणि आज त्यांचे अखंड खोके पाहावयास मिळणे हीच मोठी गोष्ट आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. परिचारिका खरोखरीच खपली नाही. मालकाने हेतुपुरस्सर तिला मारले असे म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाही. चळवळीत राहिलेल्या माणसाला सर्वत्र कट दिसू लागतात. ते दुखणे आम्हांलाही आहे. पण तिला उभी कोठे केली, हा प्रश्न राहतोच. दुकानात एक वाट मुलींची आणि एक वाट मुलग्यांची अशी भिंत घातली, आणि भिंतीवर बसलेल्या स्त्रीला कोणी घेत नाही म्हणून तिच्या नावे तोटा लिहिला. पुढील वीस वर्षे प्रत्येक कंपनीच्या कचेरीत हा एकच दाखला दिला जात असला पाहिजे.

१९७० च्या दशकात मेगो नावाच्या कंपनीने आठ इंची आकृत्यांचा मोठा व्यापार केला. कापडी पोशाख, आत एकच साच्यातले शरीर, डोके मात्र निरनिराळे, अशी ही काटकसर होती. एकदा शरीराचा साचा तयार झाला की नुसते डोके आणि कपडे बदलून नवे पात्र बाजारात आणता येते. याच काटकसरीमुळे स्त्रियांना थोडी जागा मिळाली. १९७३-७४ च्या सुमारास वंडर वुमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल आणि कॅटवुमन अशा चौघी निघाल्या. १९७४ साली 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे निघाली, त्यांत लेफ्टनंट उहुरा होती. मालिका १९६६ ते १९६९ अशी चालली होती, आणि निशेल निकोल्स या कृष्णवर्णी अभिनेत्रीने अंतराळयानावरील दळणवळण अधिकाऱ्याचे काम त्यात केले होते. ज्या देशात काही वर्षांपूर्वीपर्यंत काळ्या माणसाला बसमध्ये मागे बसावे लागे, त्या देशाच्या खेळण्यांच्या दुकानात लाल पोशाखातली काळी अधिकारी स्त्री टांगली गेली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. त्या मुलीच्या कपाटात उहुरा सुटी आहे. तिच्या हातापायांना आतून जोडणारे इलॅस्टिक सैल होऊन ती जरा झुकून उभी राहते. मुलगी तिला दुरुस्त करणार आहे, पण अजून हात धजत नाही म्हणते.

१९७६ साली केनर कंपनीने जेमी सॉमर्स काढली. 'बायॉनिक वुमन' या मालिकेची ही नायिका. अपघातानंतर तिला यंत्राचे पाय, यंत्राचा हात आणि यंत्राचा कान बसविलेला. मोटारीच्या बरोबरीने पळणारी बाई. फूटभराच्या या आकृतीच्या पायावरील झाकण काढले की आतली यंत्रे दिसत. येथवर उत्तम. परंतु याच कंपनीने आदल्या वर्षी काढलेल्या पुरुष नायकाला जोडसामान म्हणून यंत्रदुरुस्तीचे अग्निबाणाच्या आकाराचे ठाणे दिले होते, आणि जेमीला काय दिले? सौंदर्यप्रसाधनगृह! नाव 'बायॉनिक ब्यूटी सलून'. बाईचे पायही यंत्राचे, पण बिघाड झाला तर वेणीफणी करून घ्यावयाची. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात स्त्री-कामगारांनी सुरक्षेचे बूट मागितले, तेव्हा व्यवस्थापनाने महिला दिनाला साड्या वाटल्या होत्या. त्याची आठवण आम्हांस झाली.

आणि आता ती पांढऱ्या पोशाखातली, जी आम्ही उलटी करून पाहिली. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात आला आणि त्याला एवढी गर्दी होईल असे कोणास वाटले नव्हते. मेगो कंपनीने त्याचे हक्क आधीच नाकारले होते. ते केनरने घेतले. नाताळ जवळ आला, खेळणी तयार नाहीत. तेव्हा कंपनीने चित्रांच्या पुठ्ठ्यासह एक चिठ्ठी विकली. ती चिठ्ठी पाठवा, पुढल्या वर्षी टपालाने चार आकृत्या येतील. पगाराऐवजी चिठ्ठी देणारे मालक आम्ही पाहिले होते. खेळण्याऐवजी चिठ्ठी विकणारा हा पहिलाच. लोकांनी ती घेतली. त्या चारांत एक राजकन्या लेया होती. १९७८ साली पहिल्या बारा आकृत्या दुकानांत आल्या. बारांत स्त्री ही एकटीच.

उंची ठेवली पावणेचार इंच. फूटभराच्या बाहुल्याला बसावयास विमान करावयाचे तर ते खाटेएवढे होईल आणि किंमत कोणास परवडणार नाही. आकृती लहान केली की विमाने, तळ, तोफा सारे विकता येते. या एका निर्णयाने सारा धंदा बदलला, आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी हेच माप उचलले. लेयाला पाचच सांधे: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा वाकत नाही. अंगावर पातळ प्लॅस्टिकचा झगा, जो चित्रपटात कोठेही नाही. हातात नखाएवढे पिस्तूल. हे पिस्तूल आणि हा झगा यांवर आज तिची किंमत ठरते, कारण पोरांनी ते पहिल्या आठवड्यात हरविले.

१९७८ ते १९८५ या काळात केनरने चित्रपटांवरील या मालिकेत नव्वदांहून अधिक आकृत्या काढल्या. त्यांत स्त्रिया किती? लेया पाच वेगवेगळ्या पोशाखांत, आणि एक लांब तोंडाची परग्रहवासी गायिका. संपले. १९८३ च्या चित्रपटात साऱ्या बंडखोरांची पुढारी मॉन मॉथ्मा ही एक स्त्री आहे. लढाईची वेळ आली आहे हे सभेत तीच सांगते. पाठीमागे उभे असलेल्या कितीतरी चिल्लर सैनिकांच्या आकृत्या निघाल्या, पण पुढारी बाईची त्या काळी निघालीच नाही. ज्यांनी सभेत खुर्च्या मांडणाऱ्यांची नावे अहवालात छापलेली आणि भाषण करणारीचे गाळलेले पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

हे का होते? येथे खोक्याचे गणित पाहिले पाहिजे. दुकानदाराला आकृत्या एकेक करून मागविता येत नाहीत. कंपनी ठरवील त्या मिश्रणाचा खोका येतो. समजा खोक्यात चोवीस आकृत्या आहेत. नायक चार, खलनायक चार, सैनिक सहा, आणि स्त्री एक. ती एक पहिल्याच दिवशी गेली तर दुकानदाराच्या वहीत 'एक विकली' असे येते. नायक चारांपैकी तीन गेले तर 'तीन विकले' असे येते. वर्षाअखेरीस हिशेबनीस म्हणतो, पाहा, नायक तिप्पट खपतो. पुढल्या वर्षी स्त्री आणखी कमी. आणि ती एक जर चुकून टांगलेली राहिली तर मग विचारूच नका. सिद्धांत सिद्ध झाला. बदली कामगाराला महिन्यात आठ दिवस काम द्यावयाचे आणि मग याची हजेरी कमी आहे म्हणून कायम करावयाचे नाही, यापेक्षा हे तर्कशास्त्र निराळे नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र याचा उलटा परिणाम होतो. खोक्यात कमी होती म्हणून जगात कमी आहे. जगात कमी आहे म्हणून आज तिच्यामागे लोक धावतात. त्या काळी जी खपणार नाही म्हणून कमी केली, तीच आता सर्वांआधी खपते.

१९८२ साली जी. आय. जो याच पावणेचार इंची मापात पुन्हा आला. पहिल्या तुकडीत स्त्री एकटी स्कार्लेट, तीरकमठा घेतलेली. पुढे १९८३ मध्ये रणगाडा हाकणारी कव्हर गर्ल, १९८४ मध्ये शत्रुपक्षाची चष्मा घातलेली बॅरोनेस, १९८५ मध्ये लेडी जे, अशी साधारण वर्षाला एक भरती होत गेली. यांच्या पुठ्ठ्याच्या मागे प्रत्येकीची माहितीपत्रिका छापलेली असे: खरे नाव, जन्मगाव, हुद्दा, तिला काय येते. या पत्रिका लॅरी हामा या लेखकाने लिहिल्या. स्कार्लेट ही अटलांटाची, नाव शाना ओ'हारा, हे पोरांना पाठ असे. आमच्या मते या मालिकेचे खरे वैशिष्ट्य साच्यात नसून या पत्रिकेत आहे. बाहुलीला जन्मगाव आणि शिक्षण मिळाले की ती शोभेची राहत नाही. दुर्दैवाने ही पत्रिका कापून ठेवण्यासाठीच छापलेली असे, आणि पुठ्ठ्यावरील निशाणाचे गुणही कापून टपालाने बक्षीस मागवावयाचे असत. म्हणून न कापलेला पुठ्ठा आज दुर्मिळ.

त्याच १९८२ मध्ये मॅटेलने 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही पिळदार दंडांची मंडळी आणली. त्यांत टीला आली, १९८३ मध्ये ईव्हिल-लिन आली, आणि थेट १९८७ मध्ये जादूगारीण सॉर्सेरेस. पुरुषांची फौज आणि स्त्रिया तीन. यांच्या अंगावर लढाईस जाण्याइतके कपडे नाहीत हे आम्हांस खटकते, आणि ते त्या मुलीलाही खटकते. पुरुषांच्या अंगावर तर त्याहूनही कमी आहेत, हेही तिनेच दाखवून दिले. १९८५ साली मॅटेलने मुलींसाठी म्हणून शी-रा काढली. तलवार आहे, पण केस खरे, विंचरावयाचे, आणि बरोबर कंगवा. पुन्हा भिंत आलीच. तरीही त्या पिढीतील अमेरिकन बायका आज पन्नाशीच्या घरात आल्या आहेत आणि शी-राचे विस्कटलेले केस कोमट पाण्यात धुऊन, तेलकट द्रव लावून, तासन्‌तास सोडवीत बसतात.

रिपलीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटाची नायिका. मालवाहू अंतराळयानावर नोकरी करणारी, बोनसवरून भांडणारे सहकारी असलेली, आणि अखेर कंपनीनेच आपल्याला वाऱ्यावर सोडले हे ओळखणारी. आमची ती आवडती का, हे सांगावयास नको. केनरने तिची लहान आकृती करावयाचे ठरविले होते, नमुनेही केले. पण चित्रपट प्रौढांचा, मोठ्या आकाराच्या राक्षसाच्या बाहुल्याविरुद्ध पालकांनी ओरड केली, आणि ती योजना गुंडाळली. १९९२ साली दुसऱ्या मालिकेत रिपली निघाली खरी. पण १९७९ ची ती राहिलेली आकृती जुन्या नमुन्यांवरून २०१३ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी, दुसऱ्या लोकांनी तयार करून जुन्याच धर्तीच्या पुठ्ठ्यावर विकली.

आता जमविण्याविषयी. संग्राहकांचे दोन पंथ आहेत. एक पुठ्ठ्यावरचे, दुसरे सुट्याचे. पुठ्ठावाल्यांना फुगवट्यास पिवळेपणा नको, कोपरा दुमडलेला नको, किमतीची चिकटपट्टी काढल्याचा ओरखडा नको. अमेरिकेत अशा वस्तूंना शंभरपैकी गुण देऊन पारदर्शक पेटीत कायमचे बंद करून देणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. सुटेवाल्यांचा जीव रंग, सांधे आणि जोडसामान यांत. आम्ही सुट्यांच्या बाजूचे. झिजलेल्या नाकाची लेया कोणाच्या तरी खिशातून शाळेत गेली असेल. पुठ्ठ्यावरची कोठेच गेलेली नाही. हा आमचा पक्षपात आहे, संग्राहकाने तो ऐकून पैसे घालवू नयेत.

नकलांचा सुळसुळाट फार. पिस्तुले, झगे, दंड यांच्या नव्या नकला होतात आणि जुन्या म्हणून खपविल्या जातात. फुगवटा उकलून दुसरीच आकृती आत घालून पुन्हा चिकटविणारेही आहेत. म्हणून पायावरचा ठसा वाचावयाचा, प्लॅस्टिकची चकाकी आणि कडांचा बोथटपणा अस्सलाशी ताडून पाहावयाचा, आणि फार स्वस्त मिळाले तर घ्यावयाचे नाही. जपणुकीचे म्हणाल तर मुख्य शत्रू ऊन. पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते. मऊ प्लॅस्टिकमधील तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर येते आणि आकृती चिकट होते. अशा दोन आकृत्या एकमेकींस टेकवून ठेवू नयेत. जी. आय. जोच्या कमरेत रबराची बारीक कडी असते, ती वाळून तुटते आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. कडी नवी मिळते, काम पाच मिनिटांचे. आपल्याकडील पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. आणि विकून श्रीमंत होण्यासाठी हे करू नये. १९९० च्या दशकात पुष्कळांनी खोकेच्या खोके साठविले. सगळ्यांनीच साठविल्यामुळे त्यांना आजही भाव नाही.

आम्ही पुन्हा त्या ठशाकडे येतो, कारण आमचे मन तेथेच अडकले आहे. लेयाच्या पायावरील आद्याक्षरे जनरल मिल्स या कंपनीच्या खेळणी विभागाची. ही मूळ पिठाच्या गिरण्यांची कंपनी. केनर तिच्या ताब्यात होती. गिरणी हा शब्द वाचून आमचे कान टवकारले. परंतु आकृती ओतली गेली हाँगकाँगमध्ये. १९७० च्या दशकात खेळण्यांच्या निर्यातीत हाँगकाँग जगात अग्रेसर होते, आणि त्या कारखान्यांत कामावर बहुसंख्य स्त्रिया. मोल्डिंग मशीनमधून निघालेल्या आकृतीची कड तासावयाची, पत्र्याच्या मुखवट्यातून केसांचा रंग फवारावयाचा, ओठ टिपावयाचे, सांधे बसवावयाचे. बाहुल्यांचे कपडे शिवण्याचे आणि प्लॅस्टिकची फुले जोडण्याचे काम तर घरोघरी नगावर जाई. आई आणि पोरे रात्री बसून ते करीत. जेमीचे ओठ कोणी रंगविले, याची कोठेही नोंद नाही.

पुढे मजुरी वाढली तसे कारखाने चीन आणि थायलंडकडे गेले. १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये नाखोन पाथोम प्रांतातील केडर या खेळण्यांच्या कारखान्यास आग लागली. तेथे अमेरिकेसह बाहेरच्या बाजारांसाठी कापडी आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या होत. बाहेर जाण्याची दारे बंद होती, इमारतीचे लोखंडी खांब आगीपासून झाकलेले नव्हते, चार मजली इमारत थोड्याच वेळात खाली आली. १८८ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली. शेकडो जखमी झाले, कित्येक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्याने. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे झिली या खेळण्यांच्या कारखान्यात ८७ मेले. खेड्यांतून आलेल्या मुलीच जवळजवळ सर्व. तेथेही दारे बंद आणि खिडक्यांना गज. माल चोरीस जाऊ नये म्हणून दारे बंद ठेवतात, असे सर्वत्र सांगितले जाते. आम्हांलाही एका ठिकाणी तेच सांगितले गेले होते. किल्ली मुकादमाच्या खिशात आणि मुकादम चहाला. तेथे आग लागली नाही, एवढेच.

हे आम्ही त्या मुलीला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "मग काका, हे सगळं काढून टाकू?" आम्ही म्हटले, अगं, काढून टाकून कोणाचे काय भले होणार? गिरणीत माणसे मेली म्हणून आपण धोतर सोडले नाही. गिरणीत दारे उघडी ठेवावयास लावली.

अलीकडचे थोडे सांगितले पाहिजे, नाही तर हे सारे जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल. २०१५ साली नव्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाची नायिका रे ही मुलगी होती. त्यावरील मोनोपोली खेळाच्या संचात तीच नव्हती. मुलांनी आणि पालकांनी ओरड केली, एका आठ वर्षांच्या मुलीचे पत्र गाजले, आणि २०१६ च्या आरंभी कंपनीने तिला घालण्याचे मान्य केले. त्याच २०१५ मध्ये दुसऱ्या एका चित्रपटात ब्लॅक विडो मोटारसायकलवरून विमानातून झेप घेते. खेळण्याच्या संचात मोटारसायकलीवर कॅप्टन अमेरिका बसविला. २०१३ च्या 'आयर्न मॅन ३' मध्ये मुख्य खलपात्र स्त्री होते, ते खेळणी कमी खपतील म्हणून पुरुष करावे लागले, असे त्याच्या दिग्दर्शकाने २०१६ मध्ये स्वतःच सांगितले. पत्र लिहिणारी ती आठ वर्षांची मुलगी मात्र आम्हांस आवडली. मागणी लेखी केली, कारण दिले, आणि उत्तर येईपर्यंत ओरड चालू राहिली. युनियनच्या वर्गात आम्ही याहून अधिक काही शिकवीत नाही.

आपल्या देशात जी. आय. जो आले ते फनस्कूलकडून. ही कंपनी १९८७ साली निघाली, एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत, आणि तिचा कारखाना गोव्यात, कोर्लीमला. येथल्या आकृत्यांचे रंग अमेरिकेतल्यांहून निराळे निघत, आणि त्यामुळेच परदेशातील संग्राहक आता त्या मागवितात. आमच्या सभासदाच्या मुलाला लहानपणी त्यांतल्या चारपाच मिळाल्या होत्या. मुलीला त्याच वाढदिवसांना भातुकली मिळाली. "मला त्याचेच हवे होते, आणि त्यात एकही बाई नव्हती," असे ती म्हणाली. बाप समोरच बसला होता. त्याने चहाचा कप उचलला आणि आत निघून गेला.

पूर्वी तिच्या कपाटात प्रत्येकीखाली एक चिठ्ठी असे: नाव, साल, कंपनी. मागल्या खेपेस गेलो तेव्हा चौथी ओळ घातलेली दिसली, कोठे केली ती. हाँगकाँग, हाँगकाँग, चीन, पुन्हा हाँगकाँग, अशी ती रांग जाते. खालच्या फळीवर कोपऱ्यात एक पुरुष उभा आहे. भावाने टाकून दिलेला फनस्कूलचा सैनिक, रंग उडालेला. त्याच्या कमरेतली रबराची कडी तिने नवी घातली आहे, आणि चिठ्ठीवर चौथ्या ओळीत लिहिले आहे: गोवा.